राखाडी साडीचा शनिवार

आमच्या डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यात नवरात्रातल्या शनिवारी राखाडी नेसली नाहीस, तर आधी एक भुवई वर जाते. "अगं, आज ग्रे ना?" मी पहिल्या वर्षी निमूट बसले. दुसऱ्या वर्षी सेलमधून साडेसातशेची घेतली. वर्षातून एकदाच नेसते. कपाटात ती एकटीच त्या रंगाची आहे.

आईला विचारलं, तुमच्या वेळी कुठला रंग असायचा? म्हणाली, "घट, माळ, अखंड दिवा आणि कडाकण्या. रंग कसले?" बरोबरच आहे. २००३-०४च्या सुमारास महाराष्ट्र टाइम्सने नवरात्रातल्या नऊ दिवसांचा रोजचा रंग छापायला सुरुवात केली आणि त्या रंगात नटलेल्या वाचक बायकांचे फोटोही. आपला फोटो पेपरात येणार म्हटल्यावर अख्खं ऑफिस एका रंगात! पाठोपाठ साड्यांची दुकानं आलीच.

गंमत म्हणजे कोडं फार सोपं आहे. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा. वार ठरला की रंग ठरला. सात वार झाल्यावर नऊपैकी उरलेल्या दोन दिवसांना गुलाबी, जांभळा, मोरपिशी यातलं काहीतरी. आता मात्र व्हॉट्सअॅपवर प्रत्येक रंगाला एक देवी आणि शास्त्रार्थ चिकटून येतो, आणि वीस वर्षांची प्रथा 'पूर्वापार' होते.

मला राग येतो का? फारसा नाही. त्या नऊ दिवसांत डब्यात तिघींच्या बाकावरच्या चौथ्या सीटवरून भांडणं कमी होतात. काल आईचा फोन आला: "बुधवारी निळाच ना गं?"