मेल नेमकी कोणती स्क्रिप्ट पाठवते? रांगेतून फॉर्मपर्यंतचा माग

डेबियन लिनक्सचा सर्व्हर, मेल पाठवणारा पोस्टफिक्स हा प्रोग्राम, एकाच यूजरखाली वर्डप्रेसच्या अनेक साइट, आणि बाहेर जाणाऱ्या स्पॅममुळे मेलची रांग सतत फुगलेली. रांग लगेच पुसू नका, पुरावा तिथेच असतो. मी 'पोस्टसुपर' या रांग हाताळणाऱ्या कमांडला छोटा एच हा पर्याय देऊन जुने मेल रोखून धरले. नवे मात्र येतच राहतात आणि जातातही.

पोस्टफिक्सच्या लॉगमधल्या 'पिकअप'च्या (मशीनवरूनच आलेले मेल उचलल्याच्या) ओळींत यूआयडी, म्हणजे यूजरचा क्रमांक, ३३ होता, म्हणजे डेबियनवरचा वेबसर्व्हरचा यूजर. पासवर्ड चोरून कोणी लॉगिन केले असते, तर 'एसएएसएल युजरनेम', म्हणजे लॉगिन करणाऱ्याचे नाव, दिसले असते. म्हणजे मेल मशीनवरच्याच स्क्रिप्टमधून निघत होते.

पीएचपीच्या सेटिंगमध्ये 'मेल.अ‍ॅड_एक्स_हेडर' (मेलच्या हेडरमध्ये स्क्रिप्टचे नाव घालणारे) चालू केले आणि 'मेल.लॉग'ला (पीएचपीतून गेलेल्या मेलची नोंद ठेवणारे) फाइल दिली. इथे हमखास दोन चुका होतात. एक, कमांड लाइनची पीएचपी.आयएनआय ही सेटिंगची फाइल बदलली जाते. साइटसाठी पीएचपी चालवणाऱ्या एफपीएमची वेगळी असते, आणि बदल केल्यावर एफपीएम रीलोड करावे लागते. दुसरी, लॉग फाइल आधी तयार करून वेबसर्व्हरच्या यूजरच्या नावे केली नाही, तर बहुधा ती बनतच नाही किंवा रिकामी राहते.

मग रांगेतला मेल दाखवणाऱ्या 'पोस्टकॅट'ने नव्या मेलचे हेडर पाहिले: '३३:पीएचपीमेलर.पीएचपी'. याचा उपयोग शून्य! वर्डप्रेसचे जवळपास सगळे मेल याच लायब्ररीतून जातात. 'मेल.लॉग' मात्र फाइलचा पूर्ण पत्ता आणि ओळ क्रमांक देतो, त्यामुळे निदान साइट कळली. प्लगइन अजून नाही.

त्यासाठी वेळ जुळवायची. मेल गेला त्या सेकंदाला वेबसर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये कोणती 'पोस्ट' विनंती (फॉर्म भरून पाठवल्यावर येणारी) आली ते पाहायचे. सुरुवातीला काहीच जुळेना, कारण वर्डप्रेस पीएचपीचा टाइमझोन स्वतःच यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) करतो. 'मेल.लॉग'मध्ये यूटीसी लिहिली जात होती आणि अ‍ॅक्सेस लॉगमध्ये भारतीय वेळ. साडेपाच तास मिळवल्यावर प्रत्येक मेलसमोर एकच संपर्क फॉर्म आला. 'भरणाऱ्याला प्रत पाठवा' हा पर्याय चालू होता. स्पॅमवाले तिथे भलत्याच लोकांचे पत्ते घालत होते. हॅकिंग वगैरे काही नव्हते. पर्याय बंद केला, कॅप्चा लावला.

'मेल.लॉग' कोराच राहिला आणि तरी स्पॅम जात असेल, तर स्क्रिप्ट पीएचपीचे मेल फंक्शन टाळून थेट २५ नंबरच्या (मेल पाठवण्याच्या) पोर्टवर बोलत असू शकते. मग फायरवॉलमध्ये पोस्टफिक्सचा यूजर सोडून बाकीच्यांना ते पोर्ट बंद करायचे आणि नाकारलेल्या जोडण्यांचा लॉग घ्यायचा.

रोखलेल्या मेलमध्ये खऱ्या ऑर्डरच्या पावत्याही होत्या. विषयाची ओळ पाहून स्पॅम एकेक करून काढला, उरलेले 'पोस्टसुपर'च्या मोठ्या एचने सोडले.