४१-१०चा घोळ

बेळगावहून गोव्यात येताना चोर्ला घाट उतरून केरीत पोचलं की ती पिकअप रस्त्याच्या कडेला थांबवावीच लागायची. मागच्या चाकांतून ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास आणि पेडल जवळजवळ तळाला. साखळीच्या माझ्या गॅरेजात ती आली, तोवर दुसऱ्या एका ठिकाणी तिचे ड्रम, लायनर, व्हील सिलिंडर सगळं बदलून झालं होतं. लायनर तर दुसऱ्यांदा. मालक म्हणजे म्हापशाच्या बाजारात भाजी घालणारे काका. सोबत त्यांचा मुलगा, रात्रीची गाडी तोच चालवतो.

"मेस्त्री, ब्रेक चांगल्या कंपनीचे घाला. पैशांचं बघू नका," काका म्हणाले.

गोव्याची बरीचशी भाजी बेळगावहून येते. त्यामुळे या गाड्यांचं गणित इतर घाटांपेक्षा उलटं असतं. वर जाताना रिकामे क्रेट, खाली येताना दीड टन कोबी, टोमॅटो, बटाटे. चढावर गाडीची काहीच तक्रार नव्हती, उलट मुलगा कौतुकानं सांगत होता की रिकामी गाडी कशी सुसाट पळते. चढावर रडत नाही म्हटल्यावर मागच्या एक्सलवर कुणी संशय घेत नाही. गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टच्या टोकाला लहान गिअर असतो, तो पिनियन. तो एक्सलमधल्या मोठ्या गिअरला, म्हणजे क्राउनला, फिरवतो आणि क्राउन चाकांना. दोघांच्या दातांचा भागाकार म्हणजे रेशो. क्राउन-पिनियनचा रेशो म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात जोर येतो, चढ येतो. उतार कुणाच्या डोक्यात येत नाही.

चोर्ल्यापासून केरीपर्यंत रस्ता साधारण सातशे मीटर खाली येतो. माल धरून तीन टनांची गाडी तेवढी खाली आणायची, तर जी शक्ती कुठेतरी जिरवावी लागते ती साठेक लिटर थंड पाणी उकळीला आणेल एवढी असते. ती जिरवायला दोनच जागा मोठ्या, ब्रेकचे ड्रम आणि इंजिन. इंजिननं आपला वाटा उचलला नाही की सगळं ड्रमवर येतं. मग लायनर कुठल्याही कंपनीचे घाला.

ब्रेक उघडून पाहिले, काम नीट केलेलं होतं. ब्रेक ऑइल नवीन, हवा नाही, ड्रम गोल. मुलाला विचारलं, घाट कुठल्या गिअरात उतरतोस? वळणांवर दुसरा, मध्ये तिसरा. वेग? "चाळीसच्या वर काटा जाऊ देत नाही, मेस्त्री. खरंच." पोरगा खोटं बोलतोय असं वाटेना. डिचोलीच्या रस्त्यानं एक चक्कर मारून येऊ म्हटलं.

त्याचा मोबाइल डॅशबोर्डवर लावलेला होता, नकाशा चालू. सरळ पट्टा लागला तेव्हा माझी नजर सहज दोन्हीकडे गेली. मीटरवर ५०, मोबाइलवर ५८.

आठाचा फरक म्हणून सोडून दिलं असतं, पण तो उलट्या बाजूचा होता. गाडीचा मीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवतो, मुद्दामच तसा ठेवलेला असतो. कमी दाखवत नाही. या जुन्या गाडीत मीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला लागते, म्हणजे मीटर चाकाचे फेरे मोजतच नाही. तो शाफ्टचे फेरे मोजतो, आणि पुढे एक्सलमध्ये अमुक रेशो आहे आणि अमुक मापाचं टायर आहे असं गृहीत धरून काटा फिरवतो. या दोघांपैकी एकानं शब्द फिरवला होता. टायर पाहिलं, २१५/७५ आर १५, कंपनीचंच माप. एवढा फरक टायरमुळे पडायचा तर चाक इतकं मोठं लागलं असतं की ते मडगार्डला घासलं असतं.

गॅरेजात परत येऊन मागचं एक चाक जॅकवर उचललं. दुसरं जमिनीवरच, पुढच्या चाकांना दगड, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. टायरवर आणि शाफ्टवर खडूनं खुणा केल्या. एक चाक जागेवर अडलेलं असताना दुसऱ्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक फेरा. तेव्हा चाक दोनदा फिरवायचं आणि शाफ्ट किती वेळा फिरला ते मोजायचं. या गाडीत शाफ्टचे फेरे पाचाला थोडेसे कमी यायला हवेत. मुलगा चाक फिरवत होता, मी खाली पडून खूण बघत होतो. चार झाले आणि खूण जेमतेम पुढे सरकून थांबली.

"अजून फिरव."

"दोन झाले, मेस्त्री."

चाकांकडे जाणारे हाफ शाफ्ट ओढून डिफरन्शियल, म्हणजे क्राउन-पिनियनचा अख्खा गड्डा, खाली घेतलं. क्राउनवर दातांचा आकडा कोरलेला होता ४१, पिनियनवर १०. म्हणजे ४.१. याच गाडीच्या मालवाहू मॉडेलला ३९ आणि ८ येतो, म्हणजे ४.८७५. हाउसिंग तेच, बोल्ट तेच, फक्त प्रवासी जीपचा सेट आत बसवलेला. काकांनी गाडी सेकंडहँड घेतली होती. आधीच्या मालकाकडे पिनियन गेला असणार आणि भंगारात जो सेट मिळाला तो कुणीतरी ठोकला असणार. सपाटीवर हॉटेलांचा माल फिरवायला तो चाललाही असेल.

मग सगळा हिशेब जुळला. ४.८७५ भागिले ४.१ म्हणजे जवळपास १.१९. मुलाचा काटा चाळीसवर असायचा तेव्हा गाडी सेहेचाळीस-सत्तेचाळीसनं उतरत असायची. वळणाआधी दाबलेल्या प्रत्येक ब्रेकला जिरवायची शक्ती वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे तिथे सव्वापट-दीडपटीच्या मधला बोजा. दुसरीकडे इंजिनचा अडवण्याचा जोर घटलेला. त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं, म्हणून कमी अडवतं. आणि जे अडवतं तेही ४.८७५ऐवजी ४.१नं गुणलं जाऊन चाकाशी पोचतं. दोन्हीकडून मार.

काका बराच वेळ त्या दातांकडे बघत राहिले. नंतर त्यांनी जे सुरू केलं त्यानं माझी दुपार खाल्ली. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की ४१-८चा सेट मिळतो, ५.१२५, तो बसवला की गाडी "धरून" उतरते. मुलाला ४१-९ हवा होता, ४.५६, का तर डिझेल वाचेल. हौशी पोरं मोठी टायरं घालून माझ्याकडे येतात तेव्हा हाच वाद असतो. त्यांच्या फोर बाय फोरला तर पुढच्या-मागच्या दोन्ही एक्सलना एकच रेशो लागतो, नाहीतर कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर टाकताच पुढचं आणि मागचं एकमेकांना ओढत बसतं. खर्च दुप्पट ऐकला की निम्मे परत जातात.

मी कागद घेतला. त्या गाडीचा तिसरा गिअर साधारण दीडचा, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनचे दीड, पाचवा पॉइंट आठचा, चाकाचा घेर २.२ मीटर. ताशी ८० ला पाचव्यात इंजिन ४.१ वर मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं, ४.८७५ वर २३६०, ५.१२५ वर जवळपास २५००. घाटात तिसऱ्यात ३५ च्या वेगाला हेच आकडे १६३०, १९४० आणि २०४०. काकांना म्हटलं, बघा, उडी कुठे आहे? सोळाशेवरून एकोणीसशेवर. त्यापुढे शंभर फेऱ्यांसाठी तुम्ही साखळी ते म्हापसा रोज इंजिन जास्त ओरडत नेणार, आणि मीटर पुन्हा चुकणार, आता दुसऱ्या बाजूला. मुलाला म्हटलं, तुझ्या ४.५६ वर तिसऱ्यात अठराशे. भरलेल्या गाडीसाठी कंपनीनं जो आकडा बसवला त्याच्याभोवती ब्रेक, गिअर, मीटर सगळं बेतलेलं असतं. मला बदलायला काही कारण दिसत नाही. काका कुरकुरले, पण "बरं" म्हणाले.

३९-८चा नवा सेट बेळगावहून आला, दुसऱ्या एका भाजीच्या गाडीत, क्रेटांवर बसून. क्राउन आणि पिनियन जोडीनंच घासलेले असतात, दोघांवर एकच नंबर. तो जुळतो का हे मी पैसे देण्याआधी बघतो.

बसवणं हे खरं काम. जुना शिम, म्हणजे अंतर जुळवणारी पातळ चकती, काढून नव्या पिनियनला घातला आणि बोल्ट आवळले की झालं, असं मानणारे आहेत, आणि त्यांच्या गाड्या महिन्याभरात कण्हत माझ्याकडे येतात. पिनियन आत किती बसतो ते शिमवर ठरतं. बेअरिंगच्या मधली चेपणारी नळी दर वेळी नवी लागते, कारण एकदा चेपली की ती परत उभी राहत नाही. नट आवळताना पिनियन हातानं फिरवून बघत जायचं. किंचित ओढ लागली की थांबायचं. जास्त आवळलं तर नट सैल करून भागत नाही, नळी पुन्हा नवी. मग क्राउन बसवून बारीक अंतर मोजणारं डायल गेज लावलं. दातांमधली मोकळीक ०.१५ ते ०.२० मिलिमीटर हवी, ती क्राउनच्या भोवती वेगवेगळ्या ठिकाणी मोजली. दात कुठे टेकतात ते दाखवणारा निळा रंग, ब्लू, दातांना लावून फिरवलं तर ठसा दाताच्या मुळाकडे खोल उमटला. पिनियन फार आत गेला होता. सगळं खोलून शिम बारीक केला. पुन्हा ब्लू. या वेळी ठसा मधोमध, आतल्या टोकाकडे थोडा झुकलेला. भार आला की तो बाहेर सरकतो, म्हणून मला तसाच आवडतो.

तेल ईपी ९०, जीएल-५चं, म्हणजे जबर दाब सोसणारं. हे गिअर एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घसटतात, त्यांना तेच लागतं. पोरगा उरलेलं तेल गिअरबॉक्समध्ये ओतायला निघाला होता, त्याला अडवलं. तिथल्या पितळी रिंगांना ते मानवेलच असं नाही.

नव्या दातांवर लगेच पूर्ण माल टाकायचा नसतो. थोडं चालवायचं, गार होऊ द्यायचं, आणि पहिल्या सात-आठशे किलोमीटरनंतर तेल बदलायचं. पण शुक्रवारचा म्हापशाचा बाजार तोंडावर. काका म्हणाले, अर्ध्या मालानं माझं भाडंही सुटत नाही. मी म्हटलं, सेट जळला तर तेवढंही सुटणार नाही. शेवटी अर्धा माल आणि मी स्वतः गाडीत, असं ठरलं.

पहाटे चोर्ल्याहून उतरलो. धुकं होतं, समोरचा ट्रक दिवे लावूनही दिसत नव्हता. मुलगा सवयीनं चाळीसवर काटा धरून होता आणि आता मोबाइलही एकोणचाळीस म्हणत होता. तिसऱ्यात पाय काढला की गाडी स्वतःला मागे ओढत होती. अंजुणे धरणाचं पाणी दिसायला लागेपर्यंत त्यानं ब्रेक फक्त वळणांवर वापरला. केरीत उतरून मी चाकाजवळ हात नेला. ड्रम गरम होता, पण वास नव्हता. पुढे पूर्ण माल भरायला लागल्यावरही तो वास आला नाही.

काका आता बाजारात सांगत फिरतात की मेस्त्रीनं एक्सल बदलला आणि ॲव्हरेज दहाचं अकरावर गेलं. खरं म्हणजे डिझेल थोडं जास्तच जात असणार. आधी मीटर खऱ्या किलोमीटरांपेक्षा कमी मोजायचा, आता पूर्ण मोजतो, म्हणून आकडा फुगलेला दिसतो. मी एकदा समजावलं, त्यांनी मान डोलावली आणि सांगणं चालूच ठेवलं. त्यांच्या सांगण्यावरून दोघे जण आपल्या गाड्या घेऊन आले, "तसाच एक्सल घाला, ॲव्हरेज वाढतं." दोघांचेही रेशो मोजले. कंपनीचेच होते. परत पाठवले. त्यातला एक अजून म्हणतो की मेस्त्रीला काम नको आहे.