गेटकीपर कॉल का नाकारतो?

समजा, लातूरच्या मुख्य कार्यालयात गेटकीपर, म्हणजे व्हिडिओ कॉलना परवानगी देणारी यंत्रणा, बसवलाय आणि उदगीर, निलंगा, औसा इथले व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) संच त्यावर नोंदवलेत. एच.३२३ या व्हिडिओ कॉलच्या प्रमाणित पद्धतीत संच आधी गेटकीपरला यूडीपी १७१९ पोर्टवर (नेटवर्कवरच्या ठरलेल्या दारावर) स्वतःचा आकडी नंबर आणि आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) कळवतो. मग प्रत्येक कॉलआधी परवानगी मागतो. ती मिळाली की टीसीपी १७२० वर कॉल जुळतो. कॉल संचासंचात थेट जुळवला तर चित्र-आवाज गेटकीपरमधून जातच नाही, त्यामुळे चित्र फाटतंय म्हणून त्याच्यावर खापर फोडू नका.

बँडविड्थचा हिशेब मात्र नीट बघा. ३८४ केबीपीएसचा कॉल जाणारा-येणारा मिळून ७६८ धरला जातो, आणि परवानगीच्या निरोपात हा आकडा १०० बिटच्या एककात, म्हणजे ७६८० असा दिसतो. गेटकीपरवर एकूण मर्यादा २०४८ केबीपीएस ठेवली तर दोन कॉल बसतात, तिसरा नाकारला जातो. लाईन मोकळी असली तरी! लोक उगाच केबल तपासत बसतात.

दुसरं दुखणं लाईट जाण्याचं. आपल्याकडे ते रोजचंच. संच बंद पडताना नोंदणी रद्द करत नाही. परत आल्यावर डीएचसीपीने (आयपी आपोआप वाटणाऱ्या सोयीने) नवा आयपी दिला, की तोच नंबर जुन्या आयपीवर अडकलेला असतो आणि गेटकीपर 'नंबर आधीच नोंदलाय' म्हणून परत पाठवतो. जुन्या नोंदीची मुदत संपेपर्यंत संच ताटकळतो. म्हणून संचांना कायमचा आयपी द्या आणि नोंदणीची मुदत तासाभराची न ठेवता पाचेक मिनिटांची ठेवा. त्याने वाढणारी वर्दळ नगण्य असते.