चढावर दम सोडणारी गाडी : आमच्या गॅरेजची वाटचाल

नमस्कार मंडळी. गॅरेजला या वर्षी २० वर्षं झाली म्हणून पोरगा म्हणाला पप्पा तुम्ही लिहा काहीतरी, वाटचाल वगैरे. मी पाना धरणारा माणूस, पण काही गोष्टी पोटात राहिल्यात त्या एकदा लिहून टाकतो.

आमचं गॅरेज चाळीसगावला. इथून औरंगाबादकडे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकडे, जायचं तर कन्नड घाट चढावाच लागतो, जुने लोक त्याला औट्रम घाट म्हणतात. धुळे सोलापूर हायवे, आधी २११ नंबर होता आता ५२ झाला. आमच्या धंद्यात या घाटाला फार किंमत आहे कारण गाडीचा खरा आजार घाटातच कळतो. गावात स्टेशन रोडवर फिरवून कुठल्याच गाडीचं पिकअप समजत नाही, आयडलवर, म्हणजे उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवलं, तर मेलेली गाडी पण गोड चालते.

सुरुवात दोघांनी केली. मी आणि माझा पार्टनर, दोघं धुळ्याला एकाच उस्तादच्या हाताखाली शिकलेलो. एक पत्र्याचं शेड, दोन ट्रॉली जॅक, रिंग पान्यांचा सेट, आणि उस्तादने निघताना माझ्या हातात दिलेला व्हॅक्यूम गेज, म्हणजे पाईपातली ओढ मोजायचा काटा. पितळी बॉडी, काचेला एक तडा, काटा शून्यावर नीट बसतो. त्या वेळी कार्बोरेटरच्या गाड्या बऱ्याच होत्या, तर उस्ताद म्हणायचे की इंजिनला नाडी असते, आयडलला काटा १७ ते २२ इंचात स्थिर उभा राहिला तर तब्येत बरी, थरथरला तर व्हॉल्व बघ, हळूहळू खाली उतरला तर सायलेन्सर चोक आहे का बघ. एवढं एक वाक्य मला अजून पोसतंय.

मधली सात-आठ वर्षं गाड्या येत होत्या, जात होत्या, घर झालं, पोरीचं लग्न झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरा त्रास २०१७ नंतर सुरू झाला. आमच्यापासून अर्ध्या किलोमीटरवर एक मोठं गॅरेज आलं. नाव घेत नाही, गावात सगळ्यांना माहीत आहे. टाइल्स लावलेला फ्लोअर, काचेची केबिन, थंड पाणी, आणि टेबलावर मोठ्या स्क्रीनचा स्कॅनर, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा. स्कॅनर वाईट नाही हे आधीच सांगतो. २०१० पासून गाड्यांना ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचा बिघाड नोंदवायची सिस्टीम, येत गेलं, २०१३ नंतर तर पेट्रोल डिझेल सगळ्यांना ते १६ पिनचं सॉकेट आलं, त्याच्याशिवाय आता काम होत नाही. पण तिथे काय व्हायचं तर कोड आला की त्या कोडमध्ये ज्या पार्टचं नाव दिसेल तो पार्ट बदलायचा आणि बिल फाडायचं. आणि लोकांना ते पटायचं, कारण स्क्रीनवर इंग्लिशमध्ये लिहिलेलं दिसतं ना.

आणि माझा पार्टनर तिकडे गेला. १३ वर्षं एका डब्यात जेवलो, कळण्याची भाकर अर्धी-अर्धी करून खाल्ली, एक दिवस सकाळी आला आणि म्हणाला भाऊ मला तिकडे महिन्याचा पगार देतायत. हिशोब वहीत नव्हता, तोंडी होता, त्यामुळे त्याच्या हिश्श्याचे म्हणून त्याने जे सांगितले तेवढे मी दिले. भागीदारी करणाऱ्या पोरांना सांगतो, सख्खा भाऊ असला तरी वही ठेवा, रोज संध्याकाळी दोघांच्या सह्या. त्यानंतर चार महिने असे गेले की दिवसाला एक स्कूटी पंक्चरला यायची आणि मी तीपण केली. बायकोच्या पाटल्या मोडून सेकंडहँड स्कॅनर घेतला. शेड विकायची बोलणी पण झाली होती, टोकन घ्यायचं तेवढं बाकी होतं.

त्याच आठवड्यात आप्पा आले.

आप्पांची ओळख सांगायला पाहिजे. आमचं शेड उघडलं तेव्हाचं पहिलं गिऱ्हाईक. तेव्हा त्यांची काळी-पिवळी कन्नड लाइनला चालायची, नंतर शेती वाढवली, लिंबाची बाग केली, आणि घरासाठी सात सीटर डिझेल घेतली, टर्बोवाली, कॉमन रेल. आप्पा काही महिने पुण्याला पोराकडे होते तेवढ्यात पुतण्याने गाडी त्या मोठ्या गॅरेजात टाकलेली. तक्रार एकच, गाडी चांगली चालता चालता एकदम दम सोडते. एक्सलेटर दाबा, काही नाही, चेक लाइट लागते, २० च्या स्पीडने रांगते. बाजूला घेऊन बंद करा, दहा मिनिटं थांबा, चालू करा, गाडी पुन्हा नवीन. तिथे स्कॅनरला कोड आला पी ००८७, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या पाईपात, रेलमध्ये, प्रेशर कमी. आधी डिझेल फिल्टर बदलला, मग रेलचा प्रेशर सेन्सर, मग हाय प्रेशर पंप. ६० हजाराच्या वर बिल. आठ दिवस चालली आणि रांजणगावच्या पुढे घाटात, म्हसोबा मंदिराच्या अलीकडे परत उभी, मागे ट्रकांची लाइन, गाडीत बायका-पोरं.

आप्पांनी चावी माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "भो, आते तूच देख. मी आठेच बठेल शे." आणि खरंच बाकावर बसून राहिले.

आता ज्यांना कामातलं कळतं त्यांनी हे नीट वाचा. कोड म्हणजे गावाचं नाव, घर आपल्याला शोधायचं असतं. रेलमध्ये प्रेशर कमी म्हणजे पंप खराब असं नाही. पंपाला टाकीकडून डिझेल मिळतंय का? इंजेक्टरच्या रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत, जास्त जातंय का? पंपात डिझेल मोजून सोडणारा मीटरिंग व्हॉल्व नीट उघडतोय का? आणि सगळ्यात मोठी खूण गाडी स्वतः सांगत होती, की थांबवल्यावर बरी होते. झिजलेला पंप दहा मिनिटात बरा होत नाही. गरम झाल्यावर काम सोडणारा सेन्सर असू शकतो, तो मुद्दा मी डोक्यात ठेवला, पण माझं मन टाकीकडे गेलं.

या गाडीत टाकीमध्ये पंप नाही, पुढचा पंपच डिझेल खेचून घेतो, म्हणजे त्या पाईपात व्हॅक्यूम असतो. मी फिल्टरच्या आधी लाइन तोडून दीड फूट पारदर्शक पाईप टाकला आणि टी जॉइंट लावून उस्तादचा गेज बसवला. पाईप लांब घेऊन गेज काचेजवळ वायपरला बांधला, म्हणजे आतून दिसेल. स्कॅनर पोराच्या मांडीवर, लाइव्ह डाटा चालू. बाकावर आप्पा होते त्यांना म्हटलं चला, घाटात जाऊ.

पायथ्यापर्यंत काटा चार इंचाला. चढ लागला, तिसऱ्या गिअरला फुल एक्सलेटर दिला तरी चार-पाच. दोन वळणं गेली आणि काटा चालायला लागला, ८, ११, १५. इकडे पोरगा ओरडतोय पप्पा रेल प्रेशर मागतंय १२०० आणि मिळतंय ६००. आणि गाडीने दम सोडला. मी बाजूला घेतली, बोनेट उघडलं, पाईपात बुडबुडा एक नाही. बुडबुडे असते तर कुठे एअर घेतेय म्हणालो असतो, पण बुडबुडा नाही आणि काटा वर म्हणजे मागे काहीतरी बूच बसलंय. इंजिन बंद केलं. अर्ध्या मिनिटात काटा आपोआप खाली आला. मी आप्पांना तो काटा दाखवला, आप्पांनी चष्मा पुसून पुन्हा बघितला.

रात्री टाकी उतरवली. डिझेल ओढणाऱ्या पाईपच्या जाळीपाशी होती एक चकती, कॅनच्या झाकणाच्या आत असते ती पातळ प्लास्टिकची, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी. शेतातल्या इंजिनसाठी कॅनमध्ये डिझेल आणायचे, त्यातलं गाडीत ओतताना पडलेली. ओढ वाढली की जाळीला जाऊन चिकटायची, ओढ थांबली की सुटायची. एक क्लिप, दोन वॉशर, मजुरी मिळून ९०० रुपये बिल केलं. आप्पांनी पाच हजार ठेवले, मी चार हजार शंभर परत दिले.

शेड विकलं नाही. आप्पांनी लिंबाच्या मार्केटला, लग्नात, दहाव्याला, जिथे चार माणसं बसतील तिथे ती चकती सांगितली, गाड्या परत यायला लागल्या. पण मला आजही जे खुपतं ते हे, की ते मोठं गॅरेज सांगत सुटलं की गाडी आमच्या नवीन पंपामुळे नीट झाली, याने नुसती टाकी धुतली. जुना पंप पुतण्याने मागितला तर स्क्रॅपमध्ये गेला म्हणाले. चांगला पंप होता तो, मी आजही लिहून देतो.

२०२१ च्या ऑगस्टअखेर पूर आला, घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, आमच्या शेडमध्ये गुडघ्याएवढं पाणी. स्कॅनर गेला. गेज खिळ्यावर होता, वाचला.

गाडीवाल्यांना दोन गोष्टी सांगतो, कोणी विचारलं नाही तरी. चालत्या गाडीचा दम गेला आणि इंजिन चालू असेल तर वळणावर चावी फिरवू नका, स्टेअरिंग जड होतं आणि ब्रेकला दोन-तीन दाबांपुरतीच मदत उरते. पार्किंग लाइट, म्हणजे चारही इंडिकेटर, लावा, डावीकडे घ्या, मग बंद करा, चाकामागे दगड लावा, आणि निघताना तो दगड उचला, रात्री मोटरसायकलवाला मरतो त्याच्यावर. गॅरेजला गेल्यावर कोड लगेच उडवू देऊ नका, आधी लिहून घ्या, कोड आला तेव्हाचा स्पीड, आरपीएम, लोड हे गाडी साठवून ठेवते, उडवलं की तेही जातं. आणि मिस्त्रीला हे सांगा : चढावर की सपाटीवर, थंड की गरम, टाकी किती भरलेली, थांबल्यावर बरी होते का. अर्धं निदान त्यात असतं.

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या पार्टनरने एक पोरगं पाठवलं. चिठ्ठी होती, भाऊ उस्तादचा तो गेज दोन दिवसांसाठी दे, एक गाडी घाटात दम सोडतेय, तीन पार्ट बदलून झाले. अक्षर ओळखीचं होतं, बराच वेळ चिठ्ठी हातात धरून बसलो. मग पोराला सांगितलं, गेज मिळणार नाही, गाडी घेऊन तू ये म्हणावं, सोबत बसून घाट चढू. अजून आला नाही.