नवा कर्नल आणि 500 एमबीचं बूट

इंदूरला मामाचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल, अशी कामं. तिथल्या डेबियनवाल्या (लिनक्सचा एक प्रकार) मशीनचा मदरबोर्ड बदलला आणि त्यावरचं नेटवर्क जुन्या कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, ओळखता येईना. मोबाईलचं नेट यूएसबीनं जोडून नव्या कर्नलचा सोर्स उतरवला, जुनीच कॉन्फिग फाइल घेऊन कंपाइल केला. त्यात सांगण्यासारखं काही नाही, वेळ लागतो एवढंच.

घोडं पेंड खातं ते इनिटआरडी या बूट होताना लागणाऱ्या फाइलपाशी.

हे मशीन ज्या दुकानदारानं लावून दिलं, त्यानं अख्खी डिस्क एलव्हीएमला (डिस्कचे हवे तसे भाग पाडणारी व्यवस्था) देऊन, कर्नलच्या फाइली राहतात त्या /बूटला मोजून 500 एमबी ठेवले होते. का, ते तोच जाणे. एलव्हीएम म्हटलं की इनिटआरडी लागतेच. डिस्कचा ड्रायव्हर कर्नलमध्येच घातला तरी व्हॉल्यूम (एलव्हीएमनं पाडलेले भाग) जागं करणारी अवजारं बाहेरची, ती आधी रॅममध्ये उघडलेल्या या छोट्या फाइलसिस्टीममधूनच यावी लागतात.

तयार कर्नल बसवणारं 'मेक इन्स्टॉल' शेवटी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' म्हणून थांबलं. /बूट पाहिलं तर जागा आहे! चालू असलेला सोडून जुने कर्नल काढले, पुन्हा तेच. पुन्हा पाहावं तर जागा मोकळीच. डोकं फिरायची वेळ. भानगड अशी की नवी इनिटआरडी फाइल आधी शेवटी '.न्यू' लावून /बूटमध्येच लिहिली जाते आणि काम फसलं की ती पुसून टाकली जाते. चोर पळाल्यावर घर नीटनेटकं! त्यामुळे फाइल किती फुगली होती हे कळायला मार्गच नाही.

दरम्यान काय होतंय ते बघायला 'अपडेट-ग्रब' चालवलं होतं. ग्रब म्हणजे सुरू होताना कर्नल निवडून देणारा प्रोग्राम, आणि हे त्याची यादी नव्यानं बनवतं. इनिटआरडी नसल्याचं ग्रबला काही सोयरसुतक नाही, त्यानं नवा कर्नल यादीत पहिला लावला. मी चहाला उठलो तेवढ्यात मामानं मशीन रीस्टार्ट केलं. काळ्या स्क्रीनवर कर्नल पॅनिक: 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक', पुढे शून्य, शून्य.

"अरे, सकाळपर्यंत चालू होतं ना रे? मुंजीच्या पत्रिकेवाले बसलेत इथे!"

"मामा, दोन मिनिटं द्या." ग्रबच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडला, पत्रिका निघाल्या. चालता कर्नल कधीही काढू नका म्हणतात ते याचसाठी.

दुखणं सापडलं ते कर्नलचे सुटे भाग (मॉड्यूल्स) राहतात त्या /लिब/मॉड्यूल्समध्ये. जुन्या कर्नलचं फोल्डर काही शे एमबी, माझं कित्येक जीबी! डेबियनच्या कॉन्फिगमध्ये डीबग माहिती (चुका शोधायला लागणारी) चालू असते. त्यांच्या पॅकेजमध्ये ती मॉड्यूल्समधून काढलेली असते, आपण हातानं 'मॉड्यूल्स_इन्स्टॉल' केलं की तशीच आत येते आणि सगळा बोजा इनिटआरडीत. ते फोल्डर उडवलं, ती माहिती काढून टाकणारं 'इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=1' लावून मॉड्यूल्स पुन्हा बसवली, मग इनिटआरडी बनवणारं 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -सी -के' आणि पुढे नव्या कर्नलचं नाव. नाव फोल्डरच्या नावाशी अक्षरशः जुळायला हवं. 'यूनेम -आर' चालत्या कर्नलचं नाव सांगतं, ते इथे उपयोगाचं नाही. फाइल साठेक एमबीची झाली. दुकानदाराच्या 500 एमबीत आरामात.

हो, एक आधीच सांगायला हवं होतं. 'अपडेट-ग्रब' प्रत्येक कर्नलसाठी 'फाउंड लिनक्स इमेज' आणि लगेच खाली 'फाउंड इनिटआरडी इमेज' छापतं. दुसरी ओळ नसेल तर रीस्टार्ट करू नका, आणि मामालाही करू देऊ नका. खात्री हवी तर इनिटआरडीतल्या फाइलींची यादी देणाऱ्या 'एलएसइनिट्रॅमएफएस'नं आत एलव्हीएम आहे का ते पाहून घ्या.

इनिट्रॅमएफएसच्या कॉन्फिगमध्ये 'मोस्ट'ऐवजी (बहुतेक सगळे ड्रायव्हर) 'डेप' केलं तर फाइल आणखी लहान होते, पण त्यात फक्त याच मशीनपुरते ड्रायव्हर येतात. मामाचा भरवसा नाही, उद्या डिस्क काढून दुसऱ्या डब्यात घालेल. मी 'मोस्ट'च ठेवलं.