हजेरीपटातली ताई

काही आठवड्यांपूर्वी मी आमच्या बालसभेचे सव्वा वर्षाचे हजेरीपट पुन्हा चाळले, कारण मला त्यांत एका मुलीचे नाव शोधायचे होते. तिच्या दोन्ही भावंडांची नावे, वये, त्यांनी पाठ केलेली बायबलची वचने, सगळे व्यवस्थित नोंदलेले सापडले. तिचे नाव मात्र मुलांच्या यादीत एकाही पानावर नव्हते. ते सापडले वहीच्या शेवटी, स्वयंसेवकांच्या यादीत, माझ्याच अक्षरात: ‘ताई, मदतनीस’. ती अकरा वर्षांची आहे.

आमच्या मिशनची बालसभा दर शनिवारी दुपारी चार ते सहा भरते. गीते, प्रार्थना, गोष्ट, वचन, खेळ असा तिचा क्रम असतो. बाहेरच्यांना वाटते की गोष्ट सांगणे सगळ्यांत अवघड. खरी कसोटी लागते ती पहिल्या दहा मिनिटांत, कारण चाळीस मुले एकदम आत येतात, त्यांतली पाच-सहा रडत असतात आणि दोघांची आधीच मारामारी झालेली असते. ही मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ होता आणि बोटाला धरलेली पाच वर्षांची बहीण. आत पाऊल टाकण्यापूर्वी तिने मला तीन गोष्टी विचारल्या. फाटकाला कडी असते का, मोरी कुठे आहे, आणि धाकटा रडला तर मला कोण बोलावेल? सुपूर्द करून जाणारी आई विचारते तसे तिने विचारले, आणि उत्तरे मिळाल्यावर मान हलवून ती मागच्या भिंतीशी जाऊन बसली. तिसऱ्या शनिवारी रडणारी पाचही मुले तिच्याभोवती शांत बसलेली मी पाहिली. चौथ्या शनिवारी मी तिच्या फ्रॉकला मदतनिसाचा निळा बिल्ला लावला. ‘किती समजूतदार आहे ही पोर!’ असे आम्ही सगळेच म्हणत होतो, आणि मुलाच्या तोंडावर त्याला समजूतदार म्हटले की त्याला दुसरे काही होण्याची सोय उरत नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही.

ज्या शनिवारी हे माझ्या लक्षात यायला सुरुवात झाली, त्या दिवशी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातला पाठ होता: लव्हाळ्याच्या पेटाऱ्यात ठेवलेला तान्हा मोशे आणि त्याच्यावर दुरून लक्ष ठेवणारी त्याची बहीण. हा पाठ मी फ्लॅनेलबोर्डावर, म्हणजे चित्रे चिकटून राहतील अशा कापडी फळ्यावर, शिकवते आणि त्याचा मला अभिमान आहे. आजकाल प्रोजेक्टर लावणारे पुष्कळ आहेत, पण पडद्यावरचे चित्र आपोआप बदलते आणि मुलांची नजर शिक्षकाच्या हातावरून सुटते. फ्लॅनेलच्या निळ्या कापडाची नदी आधीच ताणून ठेवायची, प्रत्येक कागदी चित्राच्या पाठीला फ्लॅनेलचा तुकडा चिकटवलेला असायला हवा, चित्रे गोष्टीच्या क्रमाने मांडीवर उलटी ठेवायची आणि चित्र लावताना मुलांकडे पाठ कधीही करायची नाही. पेटारा मी नदीवर अर्धा लव्हाळ्यात दडवून लावते. बहिणीचे चित्र फळ्याच्या अगदी कडेला लावते, म्हणजे तिच्या आणि पेटाऱ्याच्या मधले अंतर मुलांना डोळ्यांनी दिसते. त्या अध्यायात तिचे नाव दिलेले नाही. मिर्याम हे नाव पुढे येते, पण मी पहिल्यापासून तेच नाव वापरते, कारण बिननावाच्या मुलीवर मुले जीव लावत नाहीत.

गोष्ट रंगली. फारोच्या मुलीने पेटारा उघडला, बहीण धावत पुढे आली, दाई आणू का म्हणून तिने विचारले आणि आपल्याच आईला घेऊन आली. शेवटी मी नेहमीचा प्रश्न विचारला की मिर्यामकडून आपण काय शिकलो. धैर्य, प्रेम, आज्ञापालन अशी ठरलेली उत्तरे आली. मग मागच्या भिंतीकडून, झोपलेल्या भावाला मांडीवर थोपटत, ती हळूच म्हणाली, “टीचर, आई आली म्हणून मग तिला सुट्टी मिळाली.”

मी “छान” म्हणाले आणि वचनाकडे वळले. वचन पाठ करून घ्यायला सात मिनिटे लागतात आणि उशीर झाला की खेळाचा वेळ जातो, एवढाच हिशेब त्या क्षणी माझ्या डोक्यात होता. हा पाठ मी किती वेळा शिकवला असेल, पण मिर्यामचे काम कुठे संपले याकडे मी कधी पाहिलेच नव्हते. आई येते, बाळ आईच्या हातात जाते, आणि त्या अध्यायात पुढे बहिणीचा उल्लेखही नाही. ती मोकळी झाली, हे मजकुरात मुळातच आहे. ते दिसायला वाचणारे डोळे तसे असावे लागतात.

त्यानंतर खेळाची वेळ झाली. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने, तिचे उत्तर ऐकूनच बहुधा, तिच्या मांडीवरचे मूल उचलून घेतले आणि तिला म्हणाला, “जा, तू पण खेळ.” ती उठली, मैदानात आखलेल्या रेघेपर्यंत गेली आणि थांबली. भावाला धरून धरून डावीकडे झुकलेली तिची कंबर सरळ झाली नव्हती, आणि रिकामा डावा हात अजून कुणाला तरी आधार दिल्यासारखा कोपरात वळलेलाच होता. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, “टीचर, किती वेळ खेळू?”

खेळात तिचे लक्ष लागले नाही. तीन मिनिटांत परत येऊन तिने भावाला मागून घेतले.

पुढच्या बुधवारी मी आणि आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक वयस्कर सेविका तिच्या घरी गेलो. आई वर्षभरापासून अंथरुणाला खिळलेली, वडील कामासाठी दूर, महिनोन्महिने घरी न येणारे. घर नीटनेटके होते. औषधांच्या गोळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा तीन वाट्यांत वेगळ्या केलेल्या होत्या, आणि त्या कोणी केल्या हे विचारावे लागले नाही. तिचा दिवस तिच्याकडूनच समजून घेतला. पाणी, भांडी, भावंडांच्या आंघोळी, आईला उठवून बसवणे, हे सगळे मिळून रोजचे साडेचार तास धरले तरी आठवड्याचे साडेएकतीस होतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२१ च्या अहवालात जगातल्या बालकामगारांची संख्या १६ कोटी दिली होती आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा जास्त होते. पण आठवड्याला २१ तास किंवा त्याहून अधिक घरकाम करणारी मुलेही धरली, की हे अंतर कमी होते, असे त्याच अहवालात म्हटले होते. घरात राबणारी मुलगी मोजणीतून कशी निसटते हे त्यावरून कळते. आमच्या वहीतून ती निसटली होतीच.

पण ते तास हा भार निम्माच होता. निघताना तिची आई माझा हात धरून म्हणाली, “रात्री मला रडू आलं की हीच माझी समजूत काढते. ही आहे म्हणून मी आहे.” ती हे कौतुकाने म्हणाली आणि मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. पालकाची भूमिका मुलावर येते तेव्हा तिचे दोन प्रकार मानसशास्त्र सांगते: घरची कामे अंगावर पडणे हा एक आणि मोठ्यांच्या मनाचा सांभाळ करावा लागणे हा दुसरा. दुसरा अधिक खोल जातो, कारण भांडी घासून संपतात, आईचे दुःख संपत नाही. मला त्या माउलीचा राग आला नाही. तिच्याजवळ दुसरे कोणीच नव्हते, आणि कोणी असायचे ते आम्हीच होतो.

परत आल्यावर सहकाऱ्यांशी बोलणे झाले, ते मला अजून बोचते. आमच्यापैकी एका ज्येष्ठ बंधूंचे मत असे पडले की या मुलीने रविवारी उपासनेत सगळ्यांसमोर आपला अनुभव सांगून साक्ष द्यावी, म्हणजे मंडळीला प्रेरणा मिळेल. दुसऱ्यांना वार्षिक अहवालासाठी भावाला कडेवर घेतलेला तिचा फोटो हवा होता. मी दोन्हींना नाही म्हटले, आणि आमच्यात बराच वाद झाला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. आमच्या अहवालाचा नमुनाच तसा आहे: किती मुले आली, किती वचने पाठ झाली, किती मुलांनी येशूचा स्वीकार केला. मुलाला झोप मिळते का, ते खेळते का, घरी त्याच्याकडे पाहणारे कोणी आहे का, यांसाठी त्यात एकही रकाना नाही. आमच्या बालसंरक्षण धोरणातही मारहाण आणि अत्याचार यांवर पानेच्या पाने आहेत, पण मायेपोटी अंगावर आलेल्या ओझ्यावर एक ओळही नाही. आणि हे संडे स्कूलच्या त्या परंपरेत, जिचा आरंभच अशा मुलांपासून झाला. रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला शाळा रविवारी भरवली, कारण बाकीचे सहा दिवस ती मुले कामावर असत. आम्ही शाळा तेवढी ठेवली आणि तिच्यामागचे कारण विसरलो.

त्या रात्री मी मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उघडला. शिष्य मुलांना अडवतात तेव्हा येशू रागावला, हे मत्तय आणि लूक सांगत नाहीत, फक्त मार्क सांगतो. त्याने मुलांना कवेत घेतले, त्यांच्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. त्या मुलांकडून त्याने काहीही करून घेतले नाही. मी मात्र माझ्याकडे आलेल्या मुलीला चौथ्याच शनिवारी कामाला लावले होते.

आता मंडळीतल्या दोन बहिणी आळीपाळीने रोज संध्याकाळी त्या घरी जातात, आईला डॉक्टरांकडे नेण्याचे कामही त्यांनीच अंगावर घेतले आहे, आणि बालसभेत चार वर्षांखालच्या मुलांसाठी मोठ्या माणसांच्या देखरेखीची वेगळी खोली सुरू केली आहे. हजेरीपटात तिचे नाव, तिचे स्वतःचे नाव, मी मुलांच्या यादीत चौतिसाव्या क्रमांकावर लिहिले. त्या शनिवारी बिल्ला परत घेताना मी तिला समजावले की आता तू फक्त यायचे, बसायचे, खेळायचे. तिला आनंद होईल असे मला वाटले होते. तिचा चेहरा उतरला. “माझं काय चुकलं?” असे तिने विचारले, आणि मी कितीही सांगितले तरी तिला ते पटले नाही. तिच्या जवळ स्वतःचे म्हणावे असे एवढेच होते, हे मला बिल्ला हातात आल्यावर समजले.

त्यानंतर दोन शनिवार ती आलीच नाही. तिसऱ्या शनिवारी आली, चटईवर मधल्या रांगेत बसली, गोष्ट चालू असताना भिंतीला टेकून गाढ झोपली, आणि मी तिला उठवू दिले नाही. परवा ती खेळात उतरली. बाद झाल्यावर रेघेबाहेर जायला तयार होईना, “मी बाद नव्हतेच, त्यानेच आधी ढकललं!” म्हणून एका मुलाशी कडाकडा भांडली आणि शेवटी रडली. सगळे तिच्याकडे आश्चर्याने पाहत होते. पाच मिनिटांनी डोळे पुसून ती धाकट्यांच्या खोलीच्या खिडकीशी गेली, आत डोकावून भाऊ दिसल्यावर तशीच उभी राहिली, मग परत मैदानात आली.

जाताना तिने बिल्ल्याबद्दल पुन्हा विचारले. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. पुढच्या शनिवारी सांगते, असे मी तिला म्हणाले आहे.