शेडच्या पत्र्याला फोम मारून घेतला

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमचं मशीन शॉप आहे, तीन हजार चौरस फुटांची पत्र्याची शेड. उन्हाळ्यात दुपारी आत थांबवत नाही, ते आम्ही निभावून नेत होतो. खरा ताप थंडीतला. पहाटे पत्रा गार पडला की आतल्या दमट हवेनं त्याला घाम सुटतो, आणि ते थेंब पडणार नेमके ग्राइंडिंग करून ठेवलेल्या शाफ्टवर. सकाळी बघावं तर गंजाचे ठिपके. ग्लासवूलचा, म्हणजे काचेच्या तंतूंच्या गादीचा, विचार केला होता, पण पत्रा आणि त्याच्यामध्ये दमट हवा शिरली की आत घाम सुटतोच. आतून फवारलेला फोम पत्र्यालाच चिकटून बसतो, म्हणून तो ठरवला.

कोटेशनं आली ती नुसत्या चौरस फुटाच्या भावाची. जाडी किती, घनता किती, याचा पत्ता नाही. मग मीच लिहून दिलं: बंद पेशींचा (म्हणजे आतले बुडबुडे एकमेकांना न जोडलेले) पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, फोम, जाडी ५० मिलिमीटर, घनता घनमीटरला ४० किलो. त्यावर काहींनी परत फोनच केला नाही. बरंच झालं.

आधी गळती काढली. फोम गळती बुजवत नाही, झाकतो. बोल्टचे कडक झालेले रबरी वॉशर बदलले, गंज तारेच्या ब्रशनं घासला, तेलकट धूर बसला होता तो पुसून काढला. तेलावर फोम धरत नाही, सोलून येतो. मशिनींवर प्लास्टिक टाकलं, कारण उडालेला तुषार वाळला की खरवडूनच काढावा लागतो.

काम जानेवारीत घेतलं. सकाळी माणसं हजर, पण फवारणीची गन चालवणारा पत्र्याला हात लावून म्हणाला, "मालक, ऊन जरा वर येऊ दे की. पत्रा अजून ओला हाय." त्याचं बरोबर होतं. फोम ज्या दोन द्रवांपासून होतो त्यातलं एक, आयसोसायनेट, पाण्याशी लागलं की गॅस सुटतो आणि फोम भुसभुशीत होतो. पत्रा सुकल्यावर गन सुरू झाली. दुसरा द्रव पॉलिओल आणि हे आयसोसायनेट गनच्या तोंडाशी एकत्र येतात आणि काही सेकंदांत तीसएक पट फुगतात. एकदम जाड थर मारला तर आतल्या उष्णतेनं तो करपतो, पेटूही शकतो. म्हणून थरावर थर. फवारणाऱ्यांना बाहेरून हवा पुरवणारे मास्क होते. आमची माणसं दुसऱ्या दिवसापर्यंत आत सोडली नाहीत.

जाडी तपासायला तारेवर ५० ची खूण केली आणि शिडी लावून जागोजागी टोचून बघितलं. कोपऱ्यांत आणि पर्लिनच्या, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्यांच्या, मागं ३५ च निघाली, तिथं परत मारून घेतलं. मग १० बाय १० सेंटीमीटरचा तुकडा कापून शहापुरातल्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवला. हिशेबानं वीस ग्रॅम हवा, एकवीस भरला. सराफ म्हणाला, "अण्णा, हे कुठलं सोनं आणलंस?"

फोम पेट घेतो, त्यामुळे वरून आगरोधक कोटिंग मारलं, आणि वेल्डिंगचं टेबल बाहेरच्या पडवीत नेलं. त्यावर कारागीर अजून कुरकुरतात.

आता खालून एकही बोल्ट दिसत नाही. म्हणून फोमच्या आधीच प्रत्येक पर्लिनचा नंबर भिंतीवर रंगवून छताचे फोटो काढून ठेवलेत. वळिवात कुठं टपकलं तर वर नेमकं कुठं चढायचं ते त्यावरून शोधता येईल.